किती वाजता?

आमच्या गावच्या घरी स्वयंपाकघरात मांडणीच्या बाजूला एक कॅलेंडर टांगलेलं असतं. त्याच्या चौकटींत आई दुधाचा हिशोब लिहिते, सिलिंडर लावल्याची तारीख लिहिते आणि हादरे लिहिते. 'प. ३.४०', 'दु. २.०५', 'रा. ११.१०'. नुसती जाणीव झाली असेल तर फक्त वेळ. भांडी वाजली असतील तर वेळेशेजारी एक टिंब. मांडणीवरून काही खाली आलं असेल तर दोन टिंबं.

लहानपणी बाकीच्या मुलांच्या वह्यापुस्तकांना जुन्या कॅलेंडरांची कव्हरं असायची. आमच्या पुस्तकांना वर्तमानपत्राची. कॅलेंडरं आई देत नसे. वर्ष संपलं की गुंडाळी करून, सुतळी बांधून ती माळ्यावरच्या ट्रंकेत जायची. तिनं ही नोंद कशासाठी ठेवली असं मी एकदा विचारलं होतं. "आलेलं लिहून ठिवावं," एवढंच म्हणाली.

गाव पाटण तालुक्यात, हेळवाकपासून थोडं आत. कोयना धरणाची भिंत घरातून दिसत नाही, पण पावसाळ्यात दरवाजे उचलले की नदीचा आवाज बदलतो, त्यावरून कळतं. मी पुण्यात राहायला आलो त्याला आता पंचवीस वर्षं होतील. इथे कुणाला गावाचं नाव सांगितलं की ठरलेला प्रश्न येतो, "अजून होतात का हो तिकडे भूकंप?" मी "होतात" म्हणतो. त्यानंतरचा प्रश्नही ठरलेला, "कुठे जास्त होतात?" भूकंपाबद्दल माणसाला पहिल्यांदा 'कुठे' विचारावंसं वाटतं. आईचा पहिला प्रश्न कायम दुसरा असतो. जगाच्या पाठीवर कुठेही भूकंप झाल्याची बातमी आली की ती विचारते, "किती वाजता?"

'कुठे'चं उत्तर तसं सरळ आहे. पृथ्वीचं कवच अखंड नाही, त्याचे मोठमोठे तुकडे आहेत आणि ते एकमेकांना ढकलत, घासत, एकमेकांखाली शिरत असतात. बहुतेक भूकंप या तुकड्यांच्या कडांवर होतात. पॅसिफिक महासागराच्या भोवतीनं चिलीपासून वर अलास्कापर्यंत आणि तिथून जपान, फिलिपिन्स, इंडोनेशिया करत न्यूझीलंडपर्यंत जो पट्टा जातो, त्यात जगातल्या मोठ्या भूकंपांपैकी पाचातले चार होतात. यंत्रांनी मोजलेला आजवरचा सर्वांत मोठा भूकंप तिथलाच, चिलीमधला, २२ मे १९६० चा, ९.५ तीव्रतेचा. दुसरा पट्टा जावा-सुमात्रापासून हिमालय, इराण, तुर्कस्तान करत भूमध्य समुद्रापर्यंत जातो. उरलेले बरेचसे महासागरांच्या तळाशी, जिथे नवं कवच तयार होतं तिथे. जगभरात दरवर्षी साधारण वीस हजार भूकंपांची जागा यंत्रांवरून निश्चित केली जाते, म्हणजे दिवसाला पन्नासच्या वर. सात ते आठच्या दरम्यानचे वर्षाला पंधराएक, आठच्या वरचा सरासरी एखादा.

नकाशावर हे सगळे ठिपके मांडले तर तुकड्यांच्या शिवणी आपोआप उमटतात. महाराष्ट्र त्या शिवणींवर कुठेच नाही. आपण भारतीय भूखंडाच्या अंगणात मध्यभागी बसलेलो आहोत, कडा दूर हिमालयात. शाळेत आम्हाला हेच शिकवलं होतं की दख्खनचं पठार म्हणजे जुना, स्थिर, टणक दगड. भूगोलाचा तो धडा मी ज्या वर्गात बसून पाठ केला, त्याची मागची भिंत १९६७ च्या भूकंपानंतर नव्यानं बांधलेली होती.

मागच्या दिवाळीत ट्रंक खाली काढली. सुतळ्या सोडल्या आणि ओटीवर सतरंजी घालून कॅलेंडरं पसरली. काही उंदरांनी कुरतडलेली, काहींवर तेलाचे डाग, एकावर माझ्याच अक्षरात गणितं. मी वही घेऊन बसलो आणि हादऱ्यांच्या वेळा दोन रकान्यांत उतरवायला लागलो, दिवस आणि रात्र. रात्रीचा रकाना भराभर खाली जायला लागला. मला वाटलं, काहीतरी सापडलं. भूकंप रात्रीच होतात, असं आमच्याकडची जुनी माणसं म्हणत, ते खरंच निघालं की काय?

आईनं रकाने बघितले. म्हणाली, "दिवसा मी रानात असती. रानात काय वाजतंय?"

दोन वाक्यांत तिनं माझा शोध मोडीत काढला आणि ते योग्यच होतं. भूकंपाला दिवस-रात्र नसते. पाच-सात किलोमीटर खाली दगडाला सूर्य उगवला काय आणि मावळला काय. आपण रात्री आडवे असतो, पाठ जमिनीला टेकलेली असते, आसपास शांतता असते, म्हणून लहान हादराही कळतो. यंत्रांचंसुद्धा तसंच आहे. दिवसा रस्त्यावरच्या गाड्या, खाणी, पंप यांच्या थरथरीत बारीक भूकंप हरवतात, रात्री ते स्पष्ट उमटतात.

तशाच बाकीच्याही समजुती. उकाडा वाढला, वारा पडला की "आज हलणार" असं म्हणायची पद्धत आमच्याकडे होती. ही समजूत फार जुनी आहे. पृथ्वीच्या पोटातल्या पोकळ्यांमध्ये वारा कोंडला की जमीन हलते असं ॲरिस्टॉटलनं लिहून ठेवलं होतं. अमावास्या-पौर्णिमेचंही तेच. किल्लारीचा भूकंप अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या पहाटे, म्हणजे पौर्णिमेच्या तोंडावर झाला, हे लोकांच्या पक्कं लक्षात राहिलं. कोयनेचा मोठा भूकंप झाला तेव्हा ना अमावास्या होती ना पौर्णिमा, ते कुणी सांगत नाही.

मग मी महिने मांडले. आणि इथे मात्र कॅलेंडरांनी वेगळं सांगितलं. मार्च, एप्रिल, मेच्या पानांवर दूध आणि सिलिंडर. ऑगस्ट संपता संपता टिंबं दिसायला लागतात, सप्टेंबरला गर्दी होते, मध्ये जरा ओसरतात, आणि डिसेंबरच्या आसपास पुन्हा. प्रत्येक वर्षी असं नाही, काही वर्षं जवळजवळ कोरी आहेत. पण सगळी पानं एकत्र बघितली की कल नजरेत भरतो. जगात बहुतेक ठिकाणी भूकंपाला असा ठळक ऋतू नाही. आमच्या खोऱ्यात आहे.

याचं कारण पाणी. कोयनेचं धरण १९६२ च्या सुमाराला भरायला लागलं. एकशे तीन मीटर उंचीची भिंत, आणि मागे तापोळ्यापर्यंत पसरलेला शिवाजीसागर. त्याआधी या भागात भूकंपाची फारशी कुणाला आठवण नव्हती. धरणात पाणी साठायला लागलं तसे जमिनीतून आवाज यायला लागले. सुरुंग लागल्यासारखे, असं आजोबा सांगायचे. प्रकल्पाचं काम चालूच असल्यामुळे लोकांना ते सुरुंगच वाटले. १३ सप्टेंबर १९६७ ला पाचाच्या वरचा भूकंप झाला. तीन महिन्यांनी, ११ डिसेंबरला, ६.३ चा.

पाण्यानं भूकंप 'तयार' झाला, असं समजणं चूक ठरेल. भारतीय भूखंड वर्षाला पाचएक सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतो आणि हिमालयाला अडतो. त्या रेट्याचा ताण सगळ्या भूखंडात, अगदी आपल्यापर्यंत, पसरलेला असतो. आमच्या खोऱ्याखाली जुन्या भेगा आहेत, त्या या ताणानं आधीच कडेलोटाजवळ आलेल्या होत्या. वर धरणाचं ओझं आलं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे पाणी दगडाच्या फटींतून खाली झिरपलं. फटीत पाण्याचा दाब वाढला की दोन बाजूंच्या दगडांची एकमेकांवरची पकड ढिली होते. साठलेला ताण मग सुटतो. हा दाब खोल पोचायला वेळ लागतो, त्यामुळे काही हादरे धरण भरता भरता येतात आणि काही महिन्या-दोन महिन्यांनी. पाणी किती वेगानं चढलं, किती उंचीपर्यंत गेलं आणि त्या उंचीवर किती दिवस राहिलं, या तीन गोष्टींवर कोयनेतले मोठे हादरे अवलंबून असतात, असं शास्त्रज्ञांनी दाखवलं आहे. आई "धरान भरलं, आता वाजंल" म्हणते, तेव्हा ती यातली दुसरी गोष्ट सांगत असते.

धरणामुळे सहाच्या वरचे भूकंप झाल्याची जगात मोजकीच ठिकाणं आहेत. चीनमधलं शिनफेंगजियांग, आफ्रिकेतलं करिबा, ग्रीसमधलं क्रेमास्ता आणि आमचं कोयना. त्यांत सगळ्यांत मोठा आमचा. बाकी ठिकाणी हादरे काही वर्षांनी विरत गेले. कोयनेत साठ वर्षं झाली तरी चालूच आहेत. १९८५ नंतर दक्षिणेला चांदोलीला वारणेचं धरण भरायला लागलं, तेव्हा हादरेही त्या बाजूला सरकले. सगळं मिळून तीस किलोमीटर लांब आणि वीस किलोमीटर रुंद एवढाच तुकडा. पण त्यात आजवर पाचाच्या वरचे वीसहून जास्त भूकंप झाले आणि चारच्या वरचे दोनशेच्या आसपास. म्हणूनच गोठणे गावाजवळ शास्त्रज्ञांनी तीन किलोमीटर खोल विंधन घेतलं. आधी सव्वा किलोमीटर काळा कातळ लागला, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचा, आणि त्याखाली एकदम ग्रॅनाइट. कराडजवळ हजारमाचीला त्यासाठी केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे. भूकंप जिथे जन्मतो तिथेच, त्याच्या घरात यंत्र उतरवून बसायचं, असा त्यामागचा विचार. मला हे फार मोलाचं वाटतं. आमच्या खोऱ्यानं बाकी पुष्कळ दिलं. जमिनी दिल्या, गावं पाण्याखाली दिली, आणि उठवलेल्या माणसांची पोरं-नातवंडं आजही पुनर्वसनाच्या फायली घेऊन फिरतात. या हादऱ्यांतून जगाला काही समजणार असेल तर तेही आमचंच देणं म्हणायचं.

आता ११ डिसेंबर १९६७ च्या त्या पहाटेचं. आई तेव्हा नऊ वर्षांची होती. सोमवार उजाडायचा होता. चार वाजून एकवीस मिनिटं, ही वेळ नंतर कळली, तेव्हा घरात घड्याळ नव्हतं. चंद्र मावळलेला होता. थंडी इतकी की सगळी भावंडं आजीला चिकटून एका वाकळेत. आधी आवाज आला. आई तो आवाज हातानं दाखवते. पालथी मूठ जमिनीवर ठेवते आणि लांबून जवळ ओढत आणते. मग भिंत हलली म्हणण्यापेक्षा भिंत "चालली", असा तिचा शब्द आहे. कौलं आधी उभी राहिली, मग सुटली. आजोबांनी दाराकडे धाव घेतली, पण चौकट तिरकी झाल्यामुळे दाराची कडी निघेना. ती कडी. आजोबा हातानं, मग पहारीनं मारत होते आणि आत धुळीनं श्वास घेता येत नव्हता. शेवटी मागची मातीची भिंत पडली त्या भगदाडातून आजीनं पोरं एकेक करून बाहेर ढकलली. सगळ्यांत लहान मामा वाकळेत होता. तो ओझ्याखाली गेला. दीड वर्षाचा. त्याचं नाव आमच्या घरात पुन्हा कुणाला ठेवलं नाही.

कोयनानगर वसाहतीतली बहुतेक घरं राहण्याजोगी उरली नाहीत. एकशेऐंशीच्या आसपास माणसं गेली. मुंबईची वीज गेली, गिरण्या-कारखाने थांबले, तेव्हा दूरच्या लोकांना कोयना कुठे आहे ते कळलं. धरणाच्या भिंतीला आडव्या भेगा पडल्या, पण भिंत उभी राहिली, पुढे तिला मागून जाड टेकू देऊन भक्कम केलं. धरणाच्या पोटातल्या गॅलरीत एक यंत्र होतं, त्यानं ती थरथर कागदावर उतरवली. धरण भूकंपात कसं टिकेल हे तपासताना जगभरातले अभियंते आजही त्या नोंदीचा आधार घेतात. मला कधी कधी वाटतं, आई कॅलेंडरवर लिहिते तेही त्याच जातीचं काम आहे.

आमच्याकडचे लोक त्या भूकंपानंतर कित्येक आठवडे शेतात झापांखाली झोपले. डिसेंबरच्या थंडीत, दवात. पालघरकडे २०१८ च्या नोव्हेंबरपासून हादरे सुरू झाले आणि डहाणू-तलासरीची माणसं पोराबाळांसह तंबूत झोपत असल्याचे फोटो आले, तेव्हा आईनं ते मोबाइलवर बराच वेळ बघितले. "खाली गवात घातलंय का त्यांनी?" एवढंच विचारलं.

१९९३ ला मी कराडला कॉलेजात होतो आणि गणपतीसाठी घरी आलेलो होतो. आदल्या दिवशी विसर्जन झालेलं. सकाळी रेडिओवर बातमी आली, लातूर-उस्मानाबादकडे मोठा भूकंप. वडील म्हणाले, "तिकडं कसा काय? तिकडं धरण कुठं एवढं?" आई चुलीपुढं होती. तिनं विचारलं, "किती वाजता?" वडिलांनी सांगितलं, चारच्या जरा आधी. तिनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. म्हणाली, "मग सगळी घरातच."

तेव्हा आकडे यायचे होते. ते येत राहिले, आठवडाभर. किल्लारीचा भूकंप ६.२ चा, म्हणजे आमच्याएवढाच, किंचित कमीच. पण माणसं गेली ती हजारांत. सरकारी आकडा आठ हजारांच्या जवळपास, काही नोंदींत तो दहा हजारांपाशी जातो. दगड आणि मातीच्या दोन-तीन फूट जाडीच्या भिंती, वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गार राहणारं, पिढ्यान्‌पिढ्या टिकलेलं घर. विसर्जनाहून उशिरा येऊन दमून झोपलेली माणसं. तो भाग तर नकाशावर भूकंपाचा धोका सर्वांत कमी असलेल्या पट्ट्यात होता. 'कुठे'चं उत्तर ज्यांच्याजवळ होतं त्यांनाही तिथे होईल असं वाटलं नव्हतं.

त्यानंतर आईच्या त्या प्रश्नाकडे मी लक्ष द्यायला लागलो. २००१ चा भूज, सकाळी पावणेनऊ, प्रजासत्ताक दिन. अंजारला शाळेची मुलं झेंडे घेऊन अरुंद गल्लीतून चालली होती, दोन्ही बाजूंची घरं त्यांच्यावर आली. २००५ चं काश्मीर, शनिवारी सकाळी नऊच्या आत, पलीकडे शाळा नुकत्याच भरलेल्या, हजारो मुलं वर्गातच गेली. २०१५ चं नेपाळ, तेही शनिवारी, बाराला चार मिनिटं कमी. पण नेपाळात शनिवार सुट्टीचा, हजारो शाळा पडल्या आणि वर्ग रिकामे होते. हे मी आईला सांगितलं तेव्हा तिनं हात जोडले. दोन्ही शनिवारच. २०२३ चं तुर्कस्तान, पहाटे चार वाजून सतरा मिनिटं. तिथे पन्नास हजारांहून अधिक माणसं गेली. ती वेळ ऐकल्यावर आई बराच वेळ बोलली नाही. आमच्या पहाटेपेक्षा ती चार मिनिटं अलीकडची.

जमिनीला घड्याळ नाही, हे मला पुस्तकं वाचून कळलं. घड्याळ माणसांचं असतं, कोण कुठल्या वेळी कुठल्या छपराखाली असेल याचं, हे आईला नवव्या वर्षीच समजलेलं होतं. म्हणून आमच्या घरात काही गोष्टी ठरलेल्या आहेत. रात्री दाराला कडी लावायची नाही. दार नुसतं लोटायचं आणि आतून दगड लावायचा, पायानं ढकलता येईल एवढा. जड भांडी मांडणीच्या खालच्या फळीवर. झोपायच्या जागेवर फोटो टांगायचा नाही. बॅटरी उशाखाली. पुण्यात सातव्या मजल्यावर मी रात्री लॅच लावतो आणि दर वेळी क्षणभर हात थांबतो.

या सप्टेंबरात चार दिवस गावी होतो. नवजाकडे पाऊस कोसळत होता, धरण भरलं होतं, दरवाजे उचललेले. तिसऱ्या रात्री मी ओटीवर वाचत पडलो होतो. आधी कुत्रं उठलं. मग तो आवाज आला, जमिनीच्या आतून, लांबून भरलेला डंपर यावा तसा, पण रस्ता नसलेल्या दिशेनं. मी श्वास धरला. कौलं खालून वर अशी खडखडत गेली, जणू कुणी छपरावरून हात फिरवला. मांडणीवरचे पेले एकमेकांना लागून किणकिणले. हंड्यातल्या पाण्यावर बारीक, गोल सुरकुत्या उमटल्या आणि काठाला लागून परत फिरल्या. तीन सेकंद असतील, चार असतील. पाण्याला थांबायला मात्र बराच वेळ लागला.

आतून आईची हाक आली, "जागा हायस का?"

"हो."

"किती वाजलं?"

मी मोबाइल बघून सांगितलं. ती उठली, बॅटरी लावली, मांडणीकडे गेली. पेले नीट केले. खुंटीला दोरीनं बांधलेली पेन्सिल घेऊन कॅलेंडरच्या त्या दिवसाच्या चौकटीत, 'दूध १ लि.'च्या खाली, वाकून लिहिलं: 'रा. ११.५२'. थोडा विचार केला आणि शेजारी एक टिंब दिलं. मग दाराशी जाऊन दगड जागेवर आहे ना ते पायानं चाचपून पाहिलं, आणि झोपायला गेली.